बुटातला खाऊ, पडद्याजवळची आजी

नाताळच्या सुमारास आपल्याकडच्या बालवाड्यांतूनही लाल अंगरख्याचा, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज हल्ली खाऊ वाटून जातो. मुलांना तो इंग्रजांचा वाटतो आणि मोठ्यांनाही. पण त्याचे नाव मुळात इंग्रजी नाही. ज्या भाषेने आधी सत्ता आणि मग घरही गमावले, तिचा तो मुलांच्या तोंडी उरलेला शब्द आहे. दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचा इतिहास जाणून घेण्याजोगा आहे.

मूळ पुरुष संत निकोलस हा चौथ्या शतकातील, आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचा बिशप. हुंड्याअभावी लग्ने अडलेल्या तीन मुलींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ६ डिसेंबर हा त्याचा स्मृतिदिन.

हॉलंडमध्ये त्याचा 'सिंटरक्लास' झाला. त्याच्या आदल्या रात्री मुलांनी घरातील शेगडीपाशी बूट ठेवायचा, त्यात संताच्या घोड्यासाठी गवत किंवा गाजर ठेवायचे आणि सकाळी त्याच बुटात खाऊ शोधायचा, अशी तिथली रीत. सतराव्या शतकात प्रॉटेस्टंट मत प्रबळ होऊन संतपूजा निषिद्ध ठरली. काही शहरांनी या सणाच्या बाजारावर बंदीही घातली. तेव्हा सण उंबऱ्याच्या आत गेला आणि तिथे टिकला. यान स्टेन या चित्रकाराचे १६६५-६८च्या सुमाराचे चित्र याची साक्ष देते. त्यात एका मुलीला बाहुली मिळाली आहे, तर भावाच्या वाट्याला खाऊ न आल्याने तो रडतो आहे. मागे पडद्याजवळ उभी असलेली आजी मात्र त्याला खुणेने बोलावते आहे. तिने त्याच्यासाठी काहीतरी राखून ठेवले असावे.

त्याच काळात, १६६४ साली, अमेरिकेतील डचांचे न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांनी घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क झाले. डच माणसे तिथेच राहिली. घरी आणि चर्चमध्ये डच, कचेरीत इंग्रजी, असा व्यवहार सुरू झाला. बरोबर शंभर वर्षांनी, १७६४ मध्ये, त्यांच्याच चर्चमध्ये पहिले इंग्रजी प्रवचन झाले. तरुण मंडळींना डच नीट कळेनासे झाले होते. हडसन नदीकाठच्या खेड्यांत ती आणखी टिकली. १७८२ साली तिथे जन्मलेल्या मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांची पहिली भाषा डच होती. पुढे ते अमेरिकेचे आठवे अध्यक्ष झाले.

१७७३ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात सांताक्लॉजशी मिळतेजुळते नाव छापून आले. घराघरांतील प्रथा अखंड होती की नंतर हौसेने पुनरुज्जीवित झाली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पुढचे सारे मात्र इंग्रजीतून घडले. १८२१च्या एका बालपुस्तकाने त्याला रेनडिअरची गाडी दिली आणि नाताळच्या पूर्वसंध्येला आणून बसवले. १८२३च्या एका कवितेने त्याला गुबगुबीत आणि हसरा केला. १८६३पासून टॉमस नॅस्टच्या चित्रांनी त्याचे रूप पक्के केले. रूप नवे आले, नाव तेवढे जुने राहिले.

न्यूयॉर्कच्या डचांकडे शाळा होत्या, चर्च होते, पैसाही होता. तरी भाषा गेली. मुले ज्या रात्रीची वाट पाहत, त्या रात्रीशी बांधलेला शब्द तेवढा उरला. मुलाच्या मनात भाषा कुठे रुजते, ते यावरून कळते. आपल्या मुलांना सांताक्लॉज जरूर भेटू द्यावा, त्यात बिघडत काही नाही. पण किल्ल्यावर मावळे मांडताना, पहाटे उटणे लावताना, फराळाचे ताट शेजारी पाठवताना आपण त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, इकडे लक्ष असावे. कारण एक शब्द उरणे म्हणजे भाषा उरणे नव्हे. स्टेनच्या चित्रातील आजी नातवाला काय म्हणाली, हे आता कोणाला ऐकू येणार नाही. आपल्या घरातील आजी अजून बोलते आहे.