स्टॅकिबॉट्रिस चार्टारम

ओल्या इमारतींत वाढणारी विषकारी काळी बुरशी. वंशनाम ‘कणीस’ व ‘द्राक्षघोस’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून. ‘चार्टारम’ म्हणजे कागदाची. प्रागमधील घराच्या भिंतीवरील कागदावरून कोर्डा यांनी १८३७ मध्ये तिचे वर्णन स्टॅ. ॲट्रा या नावाने केले. एरेनबर्ग यांचे १८१८ चे जातिनाम अधिक जुने असल्याने ह्यूज यांनी १९५८ मध्ये सध्याचे नाव रूढ केले. जुन्या ग्रंथांत दोन्ही नावे आढळतात.

वाढ : सेल्युलोज भरपूर, नायट्रोजन अल्प आणि ओल सतत, असे ठिकाण तिला मानवते. त्यामुळे गळक्या नळाशेजारच्या जिप्सम बोर्डावरील कागद, पुठ्ठा, गवत, पेंढा यांवर ती आढळते. बोर्डाची दर्शनी बाजू कोरी दिसत असतानाही मागचा कागद काळा पडलेला असू शकतो. ओली असताना ती बुळबुळीत, वाळल्यावर काजळीसारखी दिसते. बीजाणू चिकट पुंजक्यांत असल्याने ओलेपणी हवेत कमी उडतात. वाळलेला थर खरवडल्यास उधळतात. नुसत्या सिमेंटच्या गिलाव्यावरील काळे डाग बहुधा इतर बुरशींचे असतात.

विषे : काही वाण सॅट्राटॉक्सिने, तर काही ॲट्रॅनोने तयार करतात. सॅट्राटॉक्सिने रायबोसोमांना चिकटून प्रथिननिर्मिती रोखतात. बुरशी दिसली म्हणजे विष असतेच असे नाही.

पशुरोग : १९३० नंतरच्या दशकात युक्रेनमध्ये बुरसटलेला चारा खाऊन घोडे मोठ्या प्रमाणावर दगावले. ओठ सुजणे, तोंडात व्रण, पांढऱ्या पेशी घटणे व रक्तस्राव ही लक्षणे होती. हा चारा हाताळणाऱ्यांनाही त्वचादाह व नाकातून रक्त येणे असे त्रास झाले. ड्रोबोत्को यांनी या रोगाचे वर्णन केले.

मानवी आरोग्य : अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९३-९४ मध्ये १० अर्भकांना फुप्फुसात रक्तस्राव झाला व संशय या बुरशीवर गेला. २००० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या फेरतपासणीत हा संबंध सिद्ध झालेला नाही, असे ठरले. ओल व बुरशी यांचा खोकला, घरघर व दम्याच्या लक्षणांशी संबंध मात्र मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत बुरशीसाठी आकड्यांतील मर्यादा नाही. ओल टाळण्यावर भर आहे.

उपाय : गळती थांबवणे, बाधित बोर्ड काढून टाकणे.