तुरुंगातली कला आणि आपला नमुना

समजा तुमच्या संशोधनाचा विषय आहे ‘कैद्यांसाठी कलेचे उपक्रम: उपयोग काय?’ प्रस्तावाच्या पहिल्या पानावर काय लिहाल? बहुतेक जण लोकमान्य टिळकांपासून सुरुवात करतील. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं. मग धुळ्याचा तुरुंग. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग १८ रविवार विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. ९ फेब्रुवारीला सुरुवात, १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखन थांबलं. म्हणजे निष्कर्ष तयार: तुरुंगात कला माणसाला उभं करते.

ऐकायला छान वाटतं. पण मी विज्ञानाकडून आलोय, आणि माझ्या पहिल्या प्रस्तावाच्या समासात गाइडनी लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता: ‘कंट्रोल कुठे आहे?’ परभणीत कृषी विद्यापीठाचे प्रयोगाचे वाफे बघत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळ्यात तरारलेलं रोप उपटून आणायचं आणि ‘खत लागू पडलं’ म्हणायचं, असं चालत नाही.

टिळक आत जाण्याआधीच संपादक आणि ग्रंथकार होते. साने गुरुजी शिक्षक होते, लिहिते होते. हे राजकीय कैदी. चोरी-मारामारीत शिक्षा झालेल्या साध्या कैद्यांनी काय गायलं, भिंतीवर काय रेखाटलं, ते आपल्या यादीत नाही. त्यांनी काही केलंच नसेल असं त्यावरून म्हणता येत नाही. ते कुणी लिहून ठेवलं नाही, एवढंच म्हणता येतं. हाच निवडीचा दोष.

मग धुळ्याचं उदाहरण टाकून द्यायचं का? नाही. फक्त वेगळं वाचायचं. तिथे तीन गोष्टी होत्या: ठरलेला वार, ऐकणारी माणसं आणि उतरवून घेणारा एक जण. तिसरा नसता तर आज आपल्या हातात ते पुस्तक नसतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ‘चक्की पिसायला जाशील’ ही धमकी आपण लहानपणापासून ऐकतो, कारण तुरुंगात दळण ही सक्तमजुरी होती. आणि गंगाखेडच्या जनाबाईचं नाव घेतलं की आपल्याला जातंच आठवतं! दळता दळता ओव्या रचणाऱ्या बाया गावोगाव होत्या, पण नाव राहिलं ते जनाबाईसारख्या एखाद-दुसरीचं. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, तेव्हा त्या बाकीच्या बाया दिसू लागल्या. ओव्या आधीपासून होत्याच. नोंद नव्हती.

आता मोजायचं काय? ‘सुटल्यावर पुन्हा गुन्हा केला का?’ हे माप सगळे वापरतात. पण २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, तो ‘सुधारला का’ हे कसं मोजणार? तो फक्त तारखेची वाट बघतोय. त्याच्यासाठी प्रश्न वेगळे: झोप लागते का? घरी पत्र लिहितो का? बराकीत कुणाशी बोलतो का? आणि कलेच्या वर्गाला न गेलेल्यांचं काय?

म्हणून प्रस्ताव लिहाल तेव्हा पहिल्या पानावरून टिळक-गुरुजी खोडू नका, पण त्यांना पुरावा म्हणून उभं करू नका. त्यांनी दाखवलं की तुरुंगात हे घडू शकतं. साध्या कैद्याच्या बाबतीत काय घडतं, ते शोधायचं काम अजून तुमचं आहे. पहिल्या दिवशी वही घेऊन जा, आणि न बोलणाऱ्याचीही नोंद ठेवा.