शेती अनुदान कोणाच्या नावावर? सनफ्लॉवर काऊंटीचा धडा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आंबेडकरी तरुणांना ब्लॅक पँथरमुळे परिचित आहे. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव तिथूनच घेतले. पण त्या लढ्याची एक बाजू आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. ती म्हणजे जमीन आणि सरकारी शेती अनुदान. म्हणून मिसिसिपी राज्यातील सनफ्लॉवर या कापूस पिकवणाऱ्या ग्रामीण काऊंटीची (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाची) माहिती आम्ही येथे देत आहोत.

सुरुवात : 1933

मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा रूझवेल्ट सरकारने शेती समायोजन कायदा केला. कापसाचा पेरा कमी करा, त्याची भरपाई सरकार देईल, अशी ही योजना होती. पैसे प्रामुख्याने जमीनमालकाच्या हाती जात. बटाईने कसणाऱ्या कुटुंबाचा हिस्सा त्याला देणे मालकावर सोपवले होते. अनेक मालकांनी तो दिला नाही. पेरा घटल्यावर कसणारी माणसेही नकोशी झाली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. याविरुद्ध 1934 साली आर्कान्सामध्ये काळ्या-गोऱ्या कुळांनी एकत्र येऊन संघटना बांधली.

समिती कोणाची?

कोणाला किती एकर कापूस लावता येईल, हे पुढे काऊंटीतील शेतकऱ्यांनी निवडलेल्या समित्या ठरवू लागल्या. कागदावर ही लोकशाही होती. प्रत्यक्षात दक्षिणेत या समित्या गोऱ्या जमीनदारांच्याच ताब्यात राहिल्या. म्हणूनच 1960 च्या दशकात नागरी हक्क कार्यकर्त्यांनी मतदार नोंदणीबरोबर या समित्यांच्या निवडणुकाही लढवल्या.

एकाच काऊंटीतील दोन माणसे

सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा हजारो एकरांचा मळा सनफ्लॉवर काऊंटीतच होता. नागरी हक्क कायद्यांचे ते कट्टर विरोधक. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या मळ्याला वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक अनुदान मिळत होते. 1970 च्या कायद्याने एका पिकासाठी एका व्यक्तीला 55,000 डॉलर अशी मर्यादा घातली. मात्र नातेवाइकांच्या नावावर जमीन वाटून ती चुकवता येत असे.

याच काऊंटीतील फॅनी लू हेमर 31 ऑगस्ट 1962 रोजी मतदार नोंदणीसाठी इंडियनोलाला गेल्या. त्याच दिवशी, 18 वर्षे राबलेल्या मळ्यावरून त्यांना हाकलण्यात आले. 1969 साली त्यांनी 40 एकरांवर ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती उभारली. पुढे ती सुमारे 680 एकरांपर्यंत वाढली. गरीब कुटुंबाला डुकरीण द्यायची आणि तिच्या पिलांपैकी काही परत घ्यायची, अशी ‘पिग बँक’ही त्यांनी चालवली. पैशांअभावी हा प्रयोग 1970 च्या दशकाच्या मध्यात थांबला. त्याच काळात मोठ्या मळ्यांना अनुदान मिळतच होते.

न्यायालयीन लढा

1920 साली अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ही संख्या 50 हजारांच्या आत आली आहे. कर्ज आणि मदतीतील भेदभावाविरुद्धच्या ‘पिगफोर्ड विरुद्ध ग्लिकमन’ खटल्यात 1999 साली तडजोड झाली आणि पात्र दावेदारांना बहुतांशी प्रत्येकी 50,000 डॉलर मिळाले. मुदत हुकलेल्यांसाठी 2010 साली आणखी 1.25 अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली. तोवर कित्येकांच्या जमिनी गेल्या होत्या.

आपल्यासाठी मुद्दा

या इतिहासात काळ्या शेतकऱ्याला अनुदान नाकारणारे कलम कायद्यात शोधून सापडणार नाही. नाकारण्याचे काम सातबाऱ्यासारख्या मालकीच्या कागदाने आणि स्थानिक समितीने केले. आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबालाच मिळतात. दुसऱ्याचे शेत बटाईने करणारा किंवा मजुरी करणारा भूमिहीन त्यात येत नाही. कोणत्याही योजनेच्या रकमेचा आकडा ऐकला की कार्यकर्त्यांनी दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते : पैसा कोणत्या कागदावर मिळतो? आणि यादी कोण करतो?