घरगुती नेटवर्कवरील बाह्य हार्ड डिस्क

बाह्य हार्ड डिस्क एरवी यूएसबी केबलने एकाच संगणकाला जोडली जाते. ती वायफाय राउटरला किंवा सतत चालू असणाऱ्या अन्य उपकरणाला जोडून घरातील सर्व संगणक, भ्रमणध्वनी आणि स्मार्ट टीव्ही यांना उपलब्ध करून देणे, हा घरगुती नेटवर्क साठवणीचा सर्वांत स्वस्त प्रकार होय. अशा डिस्कला 'वायफाय डिस्क' म्हटले जात असले, तरी डिस्क आणि राउटर यांच्यामध्ये साधी केबलच असते. बिनतारी असतो तो केवळ राउटरपासून संगणकापर्यंतचा टप्पा.

जोडणीचे प्रकार

डिस्क घरातील एखाद्या संगणकाला जोडून तेथून 'शेअर' करणे हा बिनखर्ची मार्ग आहे. मात्र तो संगणक बंद झाला की डिस्कही नेटवर्कवरून दिसेनाशी होते. शिवाय तो संगणक स्वतः वायफायवर असेल, तर प्रत्येक फाइल एकाच चॅनलवरून दोनदा हवेतून प्रवास करते: एकदा त्या संगणकाकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून मागणाऱ्या उपकरणाकडे. यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. डिस्क थेट राउटरच्या यूएसबी पोर्टला जोडल्यास यातील एक फेरी वाचते.

लिंकसिस कंपनीने २००४ मध्ये बाजारात आणलेली 'एनएसएलयू२' ही छोटी पेटी दोन यूएसबी डिस्क नेटवर्कला जोडत असे. ती लिनक्सवर चालत असल्याने हौशी तंत्रज्ञांमध्ये लोकप्रिय झाली. अ‍ॅपलने जानेवारी २००७ च्या 'एअरपोर्ट एक्स्ट्रीम' राउटरमध्ये हीच सोय दिली आणि २००८ च्या 'टाइम कॅप्सूल'मध्ये तर डिस्क राउटरच्या आतच बसवली. ही उत्पादने २०१८ मध्ये बंद करण्यात आली. राउटरला यूएसबी पोर्ट नसल्यास रास्पबेरी पायसारखा लहान संगणक मध्ये ठेवून हेच काम साधता येते.

वेग

डिस्कच्या वेष्टनावर छापलेला वेग नेटवर्कवर मिळत नाही, आणि त्याचे कारण बहुधा डिस्क नसते. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट असली, तरी प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच मिळतात. त्यापुढे राउटरच्या प्रोसेसरची मर्यादा येते. फाइल वाचणे, तिचे तुकडे करणे आणि ते पाठवणे ही सर्व कामे तो नेहमीच्या इंटरनेट वाहतुकीसोबतच करत असतो.

यूएसबी ३.० मुळे एक अनपेक्षित अडचण उद्भवते. या जोडणीतून निघणारा विद्युतचुंबकीय गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे वायफायच्याच एका पट्ट्यात, पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. डिस्क जोडताच घरातील वायफाय मंदावल्यास कारण येथे असू शकते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे, चांगले आवरण असलेली केबल घेणे किंवा पोर्ट यूएसबी २.० च्या गतीवर चालवणे हे त्यावरील उपाय असून, शेवटच्या उपायाची सोय अनेक राउटरच्या सेटिंगमध्येच असते.

फाइल प्रणाली आणि वीज

एफएटी३२ ही प्रणाली जवळपास सर्व राउटर ओळखतात, पण तीत ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही. एनटीएफएसवर ही अडचण नाही. मात्र राउटर सहसा लिनक्सवर चालत असल्याने तेथे तिचा वेग घटू शकतो. एक्सएफएटी जुन्या राउटरना बहुधा ओळखता येत नाही. प्रणाली बदलण्यासाठी डिस्क नव्याने फॉरमॅट करावी लागते आणि तीवरील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून हा निर्णय डिस्क भरण्यापूर्वीच घेणे इष्ट.

३.५ इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, २.५ इंची डिस्क पोर्टमधूनच वीज घेते आणि ती अपुरी पडल्यास वारंवार सुरू-बंद होते. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी राउटर इन्व्हर्टरवर आणि डिस्कचा अडॅप्टर मात्र साध्या सॉकेटवर, अशी मांडणी टाळावी लागते. फाइल लिहिली जात असताना डिस्क बंद पडली, तर फाइल प्रणालीच बिघडू शकते. केबल ओढण्यापूर्वी राउटरच्या पानावरून डिस्क 'सुरक्षितपणे काढणे' आवश्यक असते, ते याच कारणासाठी.

एसएमबी आणि जुने राउटर

विंडोजचे संगणक अशा डिस्कशी एसएमबी या नियमावलीने बोलतात. राउटरमध्ये त्यासाठी बहुधा 'सांबा' हे मुक्त सॉफ्टवेअर असते. त्याचा आरंभ अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात केला. एसएमबीची पहिली आवृत्ती आज असुरक्षित मानली जाते. मे २०१७ मध्ये पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने विंडोजमधील तिच्याच त्रुटीचा वापर केला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींत ही आवृत्ती आपोआप बसवली जाणे बंद झाले. परिणामी केवळ तीच जाणणाऱ्या राउटरवरील डिस्क नव्या संगणकांना दिसेनाशा झाल्या. अशा वेळी जुनी आवृत्ती संगणकात पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करणे, आणि ते शक्य नसल्यास राउटर बदलणे, हाच योग्य मार्ग आहे.

सुरक्षितता

सर्वांसाठी खुली केलेली डिस्क ही बॅकअप ठरत नाही. एका संगणकात शिरलेली खंडणीखोर प्रणाली त्याला लिहिण्याची मुभा असलेल्या नेटवर्क डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करू शकते. म्हणून महत्त्वाच्या छायाचित्रांची व कागदपत्रांची दुसरी प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर ठेवली जाते.

खरा धोका डिस्क घराबाहेरून, इंटरनेटवरून उघडण्याच्या सोयीत असतो. असूस कंपनीच्या राउटरमध्ये 'एआयडिस्क' नावाची अशी सोय होती. तिच्या मांडणीत कोणालाही पासवर्डाविना प्रवेश देणारा पर्याय आधीच निवडलेला असे, आणि याचा अर्थ सर्वसामान्य ग्राहकाला स्पष्टपणे सांगितलेला नसे. फेब्रुवारी २०१४ मध्ये घुसखोरांनी या आणि अन्य त्रुटींचा लाभ घेऊन १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या डिस्कपर्यंत मजल मारली. अनेकांना आपली डिस्क जगाला खुली असल्याचे कळले, ते घुसखोरांनीच तीवर ठेवलेल्या इशाऱ्याच्या फाइलीमुळे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी कंपनीवर तक्रार दाखल केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला सर्वंकष सुरक्षा कार्यक्रम राबवणे आणि पुढील २० वर्षे त्याचे स्वतंत्र लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक झाले.