गिरणगावात कोण कुठे जेवत असे

स्मरणिका समितीने ‘शाळेच्या आसपासची आपली खाण्याची ठिकाणे’ हा विषय माझ्याकडे दिला, तेव्हा मी वर्गातल्या बऱ्याच जणांना फोन केले. उत्तरे जवळजवळ सारखीच आली. फाटकाबाहेरची तिखटमीठ लावलेली कैरी आणि बोरे, मधल्या सुट्टीतला वडापाव, नाक्यावरच्या इराण्याकडचा ब्रून मस्का, लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा, आणि निकाल चांगला लागला तर दादरला जाऊन साबुदाणा वडा व पियूष. खानावळीचे नाव कोणीच घेतले नाही. मीही आजवर तुमच्यासमोर कधी घेतले नव्हते. म्हणून या विषयाला थोडे मागे जाऊन हात घालते.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा भागांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून माणसे आली, पण बहुतेक एकटीच आली. बायकामुले आणि शेती गावाकडे. एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागेवर अंथरूण टाकी. अशा खोलीत चूल कुठे पेटवणार, आणि पेटवणार कोण?

शहरात खाण्याची ठिकाणे नव्हती असे नाही. दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह १९१० पासून आहे. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली उडुपी पद्धतीचे जेवण सुरू केले. इराण्याकडे चहा-पाव होताच. पण गिरणी कामगाराला दोन वेळची भाकरी हवी होती, सोबत गावच्या चवीचे कालवण हवे होते, आणि मुख्य म्हणजे ते उधारीवर हवे होते. पगार महिन्याने होई, पोट रोजचे. ही अडचण चाळीतल्या बायकांनी सोडवली. गाववाल्या आठ-दहा जणांना जेवायला घालायचे आणि पगार झाला की हिशेब करायचा, ही झाली खानावळ. तिला पाटी नव्हती, टेबल-खुर्ची नव्हती. राहत्या खोलीतच पंगत बसे, आणि कोणाची पाळी चुकत असेल तर डबा गिरणीच्या फाटकावर पोहोचे.

अशी एक खानावळ आमच्या घरी होती. बाबा गिरणीत साचाखात्यात होते. आई सोळा माणसांचे रांधत असे. पहाटे चारला स्टोव्ह पेटे. मी भाकऱ्या थापून, डबे भरून मग शाळेत येई. सुकटीचा वास गणवेशाला लागतो, म्हणून मी मागच्या बाकावर खिडकीजवळ बसत असे. तुमच्यातल्या दोघीतिघी एकदा अचानक घरी आल्या, तेव्हा पंगतीला बसलेली माणसे ‘गावचे पाहुणे’ आहेत असे मी सांगितले होते. पाहुणे दहा वर्षे मुक्कामाला होते!

खानावळवालीची खरी अडचण उधारीची होती. जेवणाऱ्यांचे पैसे महिन्याने येत, पण वाण्याला तांदूळ-ज्वारीचे पैसे आधी द्यावे लागत. मग सावकार, त्याचे भारी व्याज, आणि गहाण पडलेले डोरले. बँक अशा बायकांना दारात उभी करत नसे. गोवा मुक्तिसंग्रामात आणि नंतर कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते यासाठी. खानावळवाल्यांनी गट करायचा, एकमेकींना जामीन राहायचे आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज घ्यायचे. आमच्या आईलाही असे कर्ज मिळाले. सही करता येत नव्हती, म्हणून ती माझ्या पाटीवर आठ दिवस स्वतःचे नाव गिरवत होती. डोरले सुटले ते त्याच वर्षी.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. आपण तेव्हा आठवीत होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. महिना-दोन महिन्यांत मिटेल असे सगळेच म्हणत होते. आईने जेवण बंद केले नाही. आधी मासळी बंद झाली, मग भाजी, मग नुसती आमटी-भाकरी. जेवणारे एकेक करून गावी गेले. जाताना प्रत्येक जण म्हणे, “वयनी, मांडून ठेवा, आल्यावर देतो.” आई वहीत मांडत गेली. बँकेचा हप्ता मात्र तिने एकही चुकवला नाही, कारण तिच्यामागे जामीन राहिलेल्या बायकांच्या घरीही तेच चालले होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बाबा पुन्हा कामावर गेले नाहीत.

आता वडापावाकडे येते. तो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केला असे मानले जाते. उभ्याउभ्या खाता येणारा, पोट भरणारा, स्वस्त. संपानंतर कितीतरी घरांनी त्याच्याच आधाराने दिवस काढले. आमच्याही घरी मेंबरांच्या पातेल्यात बटाटे उकडू लागले आणि बाबा शाळेपासून दोन गल्ल्यांवर गाडी लावू लागले. नववी-दहावीत तुम्ही ज्यांच्याकडे लसणीची चटणी जास्त मागून घेत होता, ते माझे वडील. मी त्या बाजूला कधी यायची नाही, याचे कारण आज कळले असेल.

आज फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आहे आणि कमला मिलच्या आवारात उपाहारगृहे आहेत. माझा मुलगा तिथे जेवायला जातो. त्यात वाईट काही नाही. फक्त तिथे पूर्वी कोण कोणाच्या हातचे जेवत असे, हे त्याला ठाऊक असावे एवढेच.

आईची वही माझ्याकडे आहे. तिच्यात नऊ जणांची बाकी आहे. दोघे पुढे येऊन देऊन गेले, त्यांच्या नावावर आईने रेघ मारली आहे. उरलेल्यांकडे तिने कधी मागितले नाही, आणि वही रद्दीतही घातली नाही. ती नावे मी इथे छापणार नाही.

पण एक विनंती आहे. तुमच्या घरात वडील, काका, मामा कोणी खानावळीत जेवलेले असतील, तर ती चाळ कोणती आणि जेवायला घालणारी बाई कोण, एवढे मला संमेलनाच्या दिवशी लिहून द्या. पुढच्या स्मरणिकेत एक पान त्या बायकांच्या नावांचे करू. पहिले नाव आईचे मी घालते.