राजालाही वाचण्याची मुभा नसलेला इतिहास

१/
इ.स. १४०४. कोरियाच्या जोसॉन घराण्याचा तिसरा राजा थेजोंग शिकारीला गेला होता. घोड्यावरून हरणावर नेम धरताना घोडा अडखळला आणि राजा खाली कोसळला. इजा झाली नाही. उठल्यावर त्याने आजूबाजूला पाहिले आणि सांगितले, की ही गोष्ट इतिहासकाराला कळू देऊ नका.

२/
सहा शतकांनंतर ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, कारण इतिहासकाराने ती लिहून ठेवली. राजाचे पडणेही लिहिले आणि ते लपवण्याची आज्ञाही. ही नोंद ज्या ग्रंथसंग्रहात आहे, त्याचे नाव 'जोसॉन वांगजो सिल्लोक', अर्थात जोसॉन राजघराण्याची इतिवृत्ते. आजचा थ्रेड त्याच्याविषयी.

३/
१३९२ ते १८६३ अशी ४७२ वर्षे, २५ राजे आणि १८९३ प्रकरणांचे ८८८ ग्रंथ, एवढा या संग्रहाचा विस्तार आहे. लेखन अभिजात चिनी भाषेत. दरबारातील वादविवाद, नेमणुका, कर आणि युद्धे यांच्या जोडीने दुष्काळ, भूकंप, ग्रहणे आणि धूमकेतूही त्यात नोंदले आहेत. १९९७ मध्ये युनेस्कोने त्याचा 'जागतिक स्मृती' सूचीत समावेश केला. अखेरच्या दोन राजांची इतिवृत्ते जपानी राजवटीच्या देखरेखीखाली तयार झाली, म्हणून ती या गणनेत धरली जात नाहीत.

४/
हे लेखन चाले कसे? दरबारात इतिहासलेखनासाठी आठ तरुण अधिकारी खास नेमलेले असत. त्यांचा हुद्दा कनिष्ठ होता, परंतु राजाच्या बैठकीत कोण काय बोलले ते टिपण्याचा अधिकार त्यांना होता. त्याखेरीज ते घरी एक खासगी टिपण ठेवीत. त्यात माणसांविषयीचे स्वतःचे मतही परखडपणे मांडलेले असे. या कच्च्या टिपणांना 'साछो' म्हणत.

५/
राजा जिवंत असेतो त्याचे इतिवृत्त तयार होत नसे. त्याच्या मृत्यूनंतर स्वतंत्र कचेरी स्थापन होई, टिपणे गोळा केली जात आणि एकामागून एक तीन मसुदे सिद्ध होत. अंतिम प्रत छापली, की मसुदे आणि टिपणे राजधानीबाहेरच्या ओढ्यात धुऊन टाकीत. शाई वाहून जाई आणि कागद पुन्हा वापरात येई. कोणी काय लिहिले होते, याचा माग उरत नसे.

६/
राजांना हे सोयीचे मुळीच नव्हते. थेजोंगच्याच काळात मिन इन-सेंग नावाचा इतिहासकार तोंड झाकून शिकारीच्या तांड्यामागे गेला आणि पडद्याआडून दरबारातले बोलणे ऐकू लागला. १४०१ मध्ये त्याला हद्दपार करण्यात आले. त्याच्या जागी दुसरे आले आणि लेखणी चालूच राहिली.

७/
थेजोंगचा पुत्र सेजोंग म्हणजे कोरियन लिपीचा निर्माता, या घराण्यातील सर्वांत आदरणीय राजा. १४३१ मध्ये पित्याचे इतिवृत्त पूर्ण झाले, तेव्हा ते वाचण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. मंत्र्यांनी नकार दिला. आज आपण वाचलेत तर उद्याचे राजेही वाचतील, मग इतिहासकार भिऊन खरे लिहिणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. सेजोंगने तो मान्य केला. १४३८ मध्ये त्याने पुन्हा विचारले, पुन्हा नकार मिळाला आणि तोही त्याने स्वीकारला.

८/
मंत्र्यांची भीती १४९८ मध्ये खरी ठरली. किम इल-सोन या इतिहासकाराच्या टिपणात त्याच्या दिवंगत गुरूचा एक लेख होता. राजा यॉनसानगुनच्या पणजोबाने पुतण्याचे सिंहासन बळकावले होते, त्यावर हा लेख आडून ठपका ठेवतो, असा अर्थ लावला गेला. राजाने टिपणे मागवली. मंत्र्यांनी केवळ निवडक उतारे पुढे केले, परंतु तेवढेच पुरेसे झाले. किम इल-सोनला देहदंड झाला, त्याच्या गुरूच्या मृतदेहाची विटंबना झाली आणि अनेक विद्वान हद्दपार झाले.

९/
म्हणून सिल्लोक निर्मळ सत्य ठरते का? नाही. राजाच्या मृत्यूनंतर ज्या गटाच्या हाती दरबार असे, त्याचा कल लेखनात उतरे. राजा सॉन्जोचे इतिवृत्त विरोधी गटाला इतके एकांगी वाटले, की त्यांनी सुधारित आवृत्ती लिहिली. ती १६५७ मध्ये पूर्ण झाली. मात्र त्यांनी जुनी प्रत नष्ट केली नाही. आज दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

१०/
जे लिहिले ते टिकले कसे? प्रती चार ठिकाणी ठेवलेल्या होत्या. १५९२ च्या जपानी आक्रमणात त्यांपैकी तीन जळाल्या. जॉन्जू येथील एकच उरली. तेव्हा आन उई आणि सोन होंग-रोक हे पन्नाशी ओलांडलेले दोन स्थानिक विद्वान पुढे आले. ग्रंथांच्या पेट्या त्यांनी नेजांगसान डोंगरातील गुहेत आणि मठांत हलवल्या आणि सुमारे वर्षभर पहारा दिला. जोसॉनच्या पहिल्या दोन शतकांचा हा इतिहास त्या पेट्यांतून आपल्यापर्यंत आला. थेजोंगचे पडणेही त्यातच होते.

११/
युद्ध संपल्यावर १६०३ ते १६०६ या काळात नव्या प्रती छापल्या गेल्या आणि राजधानीतील एक संच वगळता बाकीचे दुर्गम डोंगरांत ठेवले गेले. तरीही ओदेसान डोंगरावरचा संच १९१३ मध्ये जपानी सत्तेने टोकियोच्या विद्यापीठात नेला आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याचा बहुतांश भाग भस्मसात झाला. वाचलेल्या ग्रंथांपैकी ४७ ग्रंथ २००६ मध्ये कोरियाला परत मिळाले. २०२३ पासून ते पुन्हा ओदेसानच्या पायथ्याशी, त्यांच्यासाठी उभारलेल्या संग्रहालयात आहेत.

१२/
आज सिल्लोक आंतरजालावर सर्वांना विनामूल्य खुले आहे. सेजोंगला जे पान दोनदा नाकारले गेले, ते शाळकरी मूलही उघडू शकते. एखादे दरबारी साधन हाती आले, की आपण लेखक कोण हे विचारतो. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : लेखक जिवंत असताना हे वाचण्याचा अधिकार कोणाला होता? साधनावर किती विसंबायचे, हे पुष्कळदा त्या उत्तरावरून ठरते.