एक शहर, दोन सोंगं

१९४० साली सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या एका शर्यतीत दोन जण सोंग घेऊन धावले. एक गडी कॅप्टन किड या समुद्री चाच्याच्या वेशात आला आणि सगळ्यांत शेवटी पोचला. दुसरं सोंग मात्र ओळखू येऊ नये म्हणूनच घेतलेलं होतं. बॉबी बर्क नावाची बाई पुरुषाच्या कपड्यांत धावत होती, कारण बायकांना त्या शर्यतीत अधिकृतपणे भाग घेता येत नसे.

आज 'बे टू ब्रेकर्स' म्हटलं की लोकांना रंगीबेरंगी पोशाखांची ती गंमतशीर शर्यत आठवते. रील्समध्ये दिसतात ते सॅमन माशांचे वेश करून गर्दीच्या उलट दिशेने निघालेले लोक, सुरुवातीला हवेत फिरणाऱ्या मक्याच्या टॉर्टिया आणि अंगावर फक्त बूट घातलेले काका. मला स्वतःला ही शर्यत फार आवडते. पण ती आवडण्याचं कारण त्या १९४०च्या दोन सोंगांपाशी आहे, आणि तिथे जायला आधी एका भूकंपापासून सुरुवात करावी लागते.

जळालेल्या शहराची धाव

१८ एप्रिल १९०६च्या पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्को हादरलं. भूकंपापेक्षा आगीने जास्त नुकसान केलं. पाण्याचे नळ फुटलेले, त्यामुळे आग कित्येक दिवस धुमसत राहिली. सुमारे तीन हजार माणसं गेली आणि चार लाखांच्या शहरातली निम्म्याहून जास्त वस्ती उघड्यावर आली.

पुढच्या काही वर्षांत शहर पुन्हा उभं राहिलं. १९१५चं पनामा-पॅसिफिक जागतिक प्रदर्शन भरवायचा मानही त्याने न्यू ऑर्लिन्सशी झुंजून मिळवला. आता जगाला दाखवायचं होतं की आम्ही संपलेलो नाही. त्यासाठी जे काही योजलं गेलं, त्यात एक होती शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची शर्यत. तिचं नाव सरळसोट होतं, 'क्रॉस सिटी रेस'. १ जानेवारी १९१२ रोजी ती पहिल्यांदा झाली. बॉबी व्ह्लूट हा कॉलेजचा विद्यार्थी ४४ मिनिटं १० सेकंदांत जिंकला. पूर्वेची खाडी ते पश्चिमेच्या समुद्राच्या लाटा, म्हणून १९६०च्या दशकात तिचं नाव 'बे टू ब्रेकर्स' झालं. अंतर आज १२ किलोमीटर आहे.

आजचा मार्ग नकाशावर बोट ठेवून पाहा. सुरुवात होते मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला, हॉवर्ड स्ट्रीटवर. हा भाग १९०६मध्ये बेचिराख झाला होता. मग येतो हेज स्ट्रीट. भूकंपाच्या दिवशी याच रस्त्यावर, गॉफ स्ट्रीटच्या कोपऱ्याजवळ, एका घरात सकाळच्या नाश्त्यासाठी चूल पेटवली गेली. धुराडं भूकंपात तडकलेलं होतं. त्यातून भडकलेल्या आगीला आजही 'हॅम अँड एग्ज' आग म्हणतात. तिने हेज व्हॅली तर गिळलीच, सिटी हॉलचे अवशेषही सोडले नाहीत. पुढे चढ संपताना अलामो स्क्वेअर लागतो. तिथे बेघरांनी आसरा घेतला होता. शेवटी गोल्डन गेट पार्क. तिथे तर तंबूंचं आणि छोट्या लाकडी खोल्यांचं गावच वसलं होतं. म्हणजे वेडेवाकडे कपडे घालून लोक धावतात तो रस्ता शहराच्या सगळ्यांत वाईट आठवड्यातून जातो. हे सांगणारा फलक मला वाटेत कुठे दिसला नाही.

पाय खोटे नसतात

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मला वाटतं त्या यादीत धावणंही घालावं. बॉबी बर्कने कपडे पुरुषाचे घातले होते, पण पाय आणि फुप्फुसं तिचीच होती.

त्या काळी बायकांना लांब पल्ला झेपत नाही, ही समजूत केवळ गप्पांत नव्हती, नियमांत होती. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. त्यानंतर ती रद्द केली गेली, ती थेट १९६०मध्ये परतली. दोन फेऱ्यांच्या शर्यतीची ही गत, तिथे साडेसात मैल कोण धावू देणार?

हे वाचताना मला आपली जुनी नाटकं आठवतात. रंगभूमीवर बाईने उभं राहणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून पुरुष शालू नेसून उभे राहिले. बालगंधर्वांच्या पदराची नक्कल खऱ्या बायका करत. तिथल्या सोंगाला टाळ्या मिळाल्या. सॅन फ्रान्सिस्कोतलं सोंग ओळखू न येण्यातच यशस्वी होतं. दोन्हीकडे कारण मात्र एकच: बाईची जागा आधीच कोणीतरी ठरवून टाकली होती.

बायकांना ही शर्यत अधिकृतपणे खुली झाली १९७१मध्ये, बॉस्टन मॅरेथॉनच्या एक वर्ष आधी. त्या वर्षीची पहिली अधिकृत विजेती फ्रान्सिस कॉन्ली. ती जन्मली १९४०मध्ये, म्हणजे बर्क पुरुषी कपड्यांत धावली त्याच वर्षी. कॉन्ली स्टॅनफर्डमध्ये मेंदूची शल्यविशारद होती. पुढे ती न्यूरोसर्जरीची प्राध्यापक झाली आणि १९९१मध्ये वैद्यकीय क्षेत्रातल्या स्त्रीद्वेषाविरुद्ध राजीनामा देऊन तिने देशभर चर्चा घडवली. नंतर त्यावर पुस्तकही लिहिलं. शर्यत जिंकल्याने ऑपरेशन थिएटरमधली वागणूक बदलली नाही, एवढं त्यातून कळतं.

गर्दीचं काय करायचं?

दुसऱ्या महायुद्धात कधी कधी पन्नासही धावपटू नसत. मग सत्तरच्या दशकात अमेरिकेला जॉगिंगचं वेड लागलं. १९७८मध्ये डेव्हिसच्या विद्यापीठातल्या धावपटूंनी १३ जणांना एकमेकांना बांधून 'गोम' बनवली आणि ती प्रथाच पडली. १९८६मध्ये तब्बल १,१०,००० लोक आले आणि गिनीज बुकात नोंद झाली.

गर्दीबरोबर कटकटी आल्या. मार्गावरच्या रहिवाशांच्या पायऱ्यांवर लोक लघवी करत. २००९मध्ये आयोजकांनी दारू, चाकांवरचे देखावे आणि नग्नता यांवर बंदीची घोषणा केली, तेव्हा शर्यतीचे चाहते संतापले. रहिवाशांचा राग मला पूर्ण पटतो. आपल्या दारात कोणाला हे चालेल? तरी चाहत्यांची भीतीही खोटी नव्हती. शिस्तीच्या नावाखाली आधी घाण जाते, मग हळूहळू विचित्र माणसं जातात. शेवटी दारूवर लगाम आला, विचित्र माणसं राहिली. २०१२मध्ये शहराने सार्वजनिक नग्नतेवर बंदी आणली, तेव्हाही परवाना असलेल्या अशा कार्यक्रमांना सूट ठेवली.

मी गेले तेव्हा नऊवारी नेसून गेले होते. कासोटा घातला की चढ चढायला त्याहून सोयीचं काही नाही. हेज स्ट्रीटचा तो चढ साधारण अकरा टक्क्यांचा, छाती भरून येते. वर पोचल्यावर केळ्याच्या वेशातल्या एका आजोबांनी विचारलं, "हा कुठल्या सुपरहिरोचा पोशाख?" मी म्हटलं, "माझ्या आजीचा." ते हसले. मी मात्र पुढचा मैलभर विचार करत होते. आजी त्याच लुगड्यात शेतात वाकली, विहिरीवरून पाणी आणलं. कोणी तिला नंबर लावला नाही की मेडल दिलं नाही.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉन २००४मध्ये सुरू झाली. तिच्या 'ड्रीम रन'मध्ये शिवाजी महाराजांपासून झाडापर्यंत सगळी सोंगं दिसतात. त्या गर्दीत जीन्समधल्या, बुरख्यातल्या, साडीतल्या बायका बिनधास्त रस्त्याच्या मधोमध चालतात. दुसऱ्या दिवशी सोमवारी त्याच रस्त्यावर एकटीने पहाटे पळायला निघायचं म्हटलं, तर घरचे विचारतात, "एवढ्या अंधारात? सोबत कोण आहे?" विचारणाऱ्यांची काळजी खरी असते. म्हणून तर आपल्या ओळखीच्या कितीतरी मुली अजून पळायला निघताना ढगळ टी-शर्ट घालतात, केस टोपीखाली कोंबतात, मान खाली घालतात. ते कपडे कोणाला पोशाख वाटत नाहीत, पण बॉबी बर्कने ते लगेच ओळखले असते.